कापणारीचा वाटा

म्हातारीने घरात आडवी खडूची रेघ ओढली, कमरेला हात देत सरळ झाली आणि म्हणाली, झाली वाटणी.

रेघेच्या पुढे दोन खोल्या. दोन्हींना रस्त्याकडची खिडकी, शिवाय पाण्याचा नळ. हे थोरल्याचं. रेघेच्या मागे एकच खोली, तिला खिडकी नाही आणि तिची भिंत बेकरीच्या भट्टीला चिकटलेली. ती धाकट्या सुनेची, आताही ती तिथेच झोपायची. धाकटा मुलगा देवाघरी गेला होता, मागे ही आणि हिची मुलगी. दोन जीवांना अशी कितीशी जागा लागते, हे म्हातारीने खडू हातात घेण्याआधीच सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. बेकरी एकत्रच चालायची होती. राहत्या जागेची कटकट तेवढी आपली जीभ चालते आहे तोवर मिटवायची, असा तिचा बेत. आणि जीभ तर अजून भट्टीइतकीच तापत होती.

आतली गोष्ट वेगळी. धाकटी अनाथालयात वाढलेली. मुलाने तिला आधी पसंत केलं आणि आईला मागून सांगितलं. ते म्हातारीच्या घशाखाली कधी उतरलंच नाही. मुलगा गेला तरी उतरलं नाही.

थोरली सून मनातल्या मनात पडदे लावायला लागली होती. धाकटी कोपरापर्यंत कणीक माखलेल्या हातांनी दारात उभी होती. तिने रेघेकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कुणाशी भांडायचं तर पाठीशी माहेर लागतं.

थोरला बोलणारा गडी नव्हे. तोंडात पीठ भरल्यासारखा वावरायचा. पण आज बोलला.

"आई, कापलंस तू. मग आधी धाकटीने उचलायचं."

बायकोने त्याला कोपराने ढोसलं. तो हलला नाही.

त्या घरात रविवारी उपासनेहून आल्यावर घरचा पाव कापला जायचा. मुलं लहान असताना कडेच्या कुरकुरीत तुकड्यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटायची, म्हणून म्हातारीनेच नियम घातला होता. जो कापेल त्याने शेवटी घ्यायचं, आणि सगळ्यांत धाकट्याने आधी. थोरला तर शाळेची पट्टी लावून पाव कापायचा. आपल्याला जेवढा तुकडा हवासा वाटतो तेवढाच दुसऱ्याला द्यावा, प्रभूने याहून अवघड काही मागितलेलं नाही, असं ती दर रविवारी सुरी पुसता पुसता सांगायची.

"तो पाव होता रे," म्हातारी म्हणाली. "हे घर आहे."

"पावावर नुसता हात बसवायचा, खरी वाटणी पुढे येते, असं तूच म्हणायचीस."

म्हातारीला आधी संताप आला. मग तिला वाटलं, हे बरंय. झाडाला फळ धरावं म्हणून जन्मभर पाणी घालायचं, आणि फळ पडायचं ते नेमकं आपल्याच टाळक्यात.

आधी उचलायचा मान धाकटीचा, म्हणजे ती पुढची बाजू घेणार. थोरल्याला मिळणार मागची खोली, आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही. निदान बघून तरी येऊ, म्हणून ती मागच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसली. इतक्या वर्षांत ती तिथे कधी बसली नव्हती. पाठ भाजायला लागली तसं तिला कळलं, की कोपऱ्यात ओल्या फडक्यांचा ढीग कशाला ठेवलाय. नात त्यावर झोपत असावी.

ती बाहेर आली. ओल्या फडक्याने रेघ पुसली आणि दुसरी ओढली, उभी. खिडकीची एक खोली इकडे, एक तिकडे. नळ मधे, दोघींचा. मागच्या खोलीबद्दल ती म्हणाली की ती माणसांची जागाच नव्हे, तिथे पिठाची पोती ठेवा, कोरडी तरी राहतील. खोल्या मोकळ्या दिसाव्यात म्हणून तिने स्वतःची खाटही बाहेर ओढायला लावली. खाट मधल्या व्हरांड्यात आली. दोन पाय रेघेच्या या बाजूला, दोन त्या बाजूला.

"उचल गं आता," ती धाकटीला म्हणाली. "आणि मला बोल नको लावू, दोन्ही सारखे आहेत."

धाकटीने या खोलीत डोकावलं नाही, त्या खोलीतही नाही. तिने हात पदराला पुसले आणि खाटेच्या उशाशी येऊन उभी राहिली.

"आई, ही खाट ज्या बाजूला जाईल ती बाजू माझी."

थोरलीने सुटकेचा श्वास सोडला. तो सगळ्यांना ऐकू आला, म्हातारीलाही. आपण कुणाच्या वाट्याला आलो तर ते त्याचं भाग्य, असं ती आजवर धरून चालली होती.

"मी वाटणीत नाही," म्हातारी म्हणाली. "आणि माझं तोंड तुला ठाऊक आहे. घेऊन करशील काय?"

"माझ्या मुलीला पाव कापायला कोण शिकवणार?"

म्हातारी खाटेवर बसली. नवी रेघ ओढताना तिने खिडक्या मोजल्या होत्या, नळ मोजला होता, स्वतःला मात्र कुठल्याच बाजूला धरलं नव्हतं. थोरल्याने पायथा धरला, धाकटीने उशाची बाजू, आणि तिला उठायलाही न सांगता दोघांनी खाट उचलली. त्या घरात कापणाऱ्याच्या हाती नेहमी शेवटचा तुकडा यायचा. त्या दिवशी कापणारीच सगळ्यांत आधी उचलली गेली.