पायरीवर राहिलेला जोड

सुज्ञ वाचकहो, अर्धापूर तालुक्यातील एका वीज उपकेंद्राच्या पायरीवर भर दुपारी जो प्रसंग घडला, तो प्रस्तुत कथेत यथामती निवेदन करण्याचे योजिले आहे. प्रसंग केवळ अर्ध्या तासाचा आहे. परंतु त्या अर्ध्या तासावर एका मनुष्याचे प्राण अवलंबून होते.

"म्याडम, परमिट परत घ्या. माणसं सगळी खाली उतरली. करा लाईन चालू," असे म्हणून किशनरावांनी लाईन बंद ठेवून काम करण्याच्या परवान्याचा तो कागद टेबलावर ठेवला. वादळाने तुटलेल्या तारा जोडण्याचे काम दोन दिवस चालले होते. किशनराव हे तीस वर्षांच्या नोकरीचे प्रधान तंत्रज्ञ. त्यांचा शब्द या उपकेंद्रात आजवर कोणी मोडला नव्हता.

अभियंता आलिया शेख यांनी कागद हाती घेतला नाही. त्या दाराशी आल्या आणि त्यांनी पायरीकडे दृष्टी टाकली.

खांबावर चढणाऱ्याने रबरी बूट घालावेत, आपली चप्पल उपकेंद्राच्या पायरीवर ठेवावी आणि परतल्यावर ती स्वतःच्या पायांनी घालावी, असा नियम आलियांनी रुजू होताच केला होता. पायरी रिकामी झाल्याविना लाईन चालू करावयाची नाही. "आमची अम्मी दाराला कडी लावायच्या आधी घरातल्या चपला मोजायची," असे त्यांनी सरळ सांगितले, तेव्हा सगळी मंडळी हसली होती. किशनराव तर त्या दिवसापासून आपली चप्पल पायातून काढीतच नसत. ते म्हणत, "म्या कुठं खांबावर चढतो? अन् बाईमाणसानं आमच्या चपला मोजायच्या व्हय?"

आज चार माणसे खांबांवर गेली होती. पायरीवर निळ्या पट्ट्याचा एक जोड शिल्लक होता, शिवप्पाचा.

"शिवप्पा कुठं आहे, मामा?" आलियांनी किशनरावांना विचारले.

"गेलं असंल बुटावरच घरला. कंत्राटी पोरगं ते, त्याला काय रीतभात!"

"फोन लावा."

"लागंना. चार्जिंग संपलं असंल. दोन दिसापासून लाईट कुठं हाय गावात?"

फाटकापाशी तीस-चाळीस शेतकरी उन्हात तिष्ठत होते. त्यांच्यातील ग्यानोबा पुढे सरसावला. "म्याडम, केळीला घड लागलेत. पाण्यावाचून खोडं मोडून पडून राहिलीत. अन् तुम्ही चपला काय मोजू लागल्या? तेवढीच हौस असंल तर देवळाच्या दारात बसा की!"

मोठा हशा पिकला.

"बसते की," आलिया शांतपणे म्हणाल्या. "माणूस देवळातून बाहेर येईपर्यंत त्याची चप्पल कुणाला हलवू देणार नाही."

हशा थोडा विरला. इतक्यात नांदेडहून वरिष्ठांचा फोन आला. काम पूर्ण झाले असता लाईन बंद का, अशी विचारणा झाली.

"सर, माझा एक माणूस बाहेर आहे."

"किशनराव काय म्हणतात?"

"ते म्हणतात, सगळे उतरले. मी म्हणते, नाही."

"लेखी खुलासा द्यावा लागेल."

"देईन, सर."

आलियांनी फोन ठेवला. शिवप्पा खरोखरच घरी झोपलेला निघाला, तर उद्यापासून या आवारात त्यांचा शब्द कोण मानील? लाईन चालू करण्याच्या ब्रेकरपाशी उभा असलेला यंत्रचालक सत्यम त्यांच्या मुखाकडे पाहत होता. त्यांनी मान हलवून नकार दिला आणि स्वर किंचितही न चढविता आज्ञा केली, "मामा, गाडी काढा. शिवप्पाला डोळ्यांनी बघा आणि घेऊन या. तोवर परमिट तुमच्याच नावावर आहे."

किशनराव पुटपुटत गेले. आलिया दारातच उभ्या राहिल्या. फाटकाबाहेर बडबड वाढली, पुन्हा ओसरली. त्या निळ्या पट्ट्यावरून त्यांची नजर ढळली नाही.

वीस मिनिटांनी मोटारसायकल परतली. मागे शिवप्पा बसला होता. त्याचे बूट चिखलाने माखले होते.

"कालव्याच्या पलीकडल्या खांबावर केळीचं पान अडकून व्हतं, म्याडम," शिवप्पा निष्पापपणे सांगू लागला. "उतरल्यावर दिसलं, म्हणून परत चढलो. मामानं खालून हाक मारली तवा हात तारंवरच व्हता माझा. काहून हो, लाईन आली न्हाई अजून?"

फाटकाशी कोणी हसले नाही. ग्यानोबाने डोक्यावरचा रुमाल काढून हाती घेतला.

शिवप्पाने बूट काढले आणि निळ्या पट्ट्याच्या चपला पायांत सरकवल्या. पायरी रिकामी झाली. तेव्हा आलियांनी परमिटावर स्वाक्षरी केली.

"सत्यम, आता कर चालू."

ब्रेकर खटकन बसला. क्षणार्धात दूर केळीच्या बागांतून पाण्याच्या मोटारींची घरघर ऐकू आली, एकीमागून एक. शेतकरी लगबगीने पांगले. जाता जाता ग्यानोबा थांबला आणि म्हणाला, "ताई, बागंतला पहिला घड उपकेंद्रावर पोचता करतो. न्हाई म्हणू नगा."

एवढ्यात उमरी रस्त्यावरून दुसरी तार तुटल्याची तक्रार आली. किशनरावांनी दोर खांद्यावर टाकला. दोन पावले चालून ते थबकले. मग मागे फिरले, खाली बसले आणि तीस वर्षांचा ताठा सोडावा तसे त्यांनी पायांतील चपलेचे बंद सोडले. दोन्ही चपला त्यांनी पायरीवर जुळवून ठेवल्या आणि बूट चढविले.

"म्याडम," ते खाली मान घालूनच म्हणाले, "आजपास्नं माझाबी जोड धरा."

आलियांनी पायरीकडे पाहिले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात मोजले,

"एक."

ही कथा आपण शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. लेखनात काही उणे राहिले असल्यास ते माझे समजावे.

आपला नम्र,
संगमेश्वर महादेवप्पा बिराजदार,
निलंगा, जिल्हा लातूर