मूठभर जास्त

पातेल्यात हिरवी फुलं तरंगत होती, आणि डार्लाने तर अजून चिमूटभरही हॉप्स टाकले नव्हते.

बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचे, म्हणजे हॉप्सचे, तिचे माप तिच्या हातातल्या वाटीत होते. दाबून केलेल्या बारीक गोळ्या, काट्यावर मोजून बरोबर पाऊण औंस. गॅरेजसमोर गॅसच्या शेगडीवर मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, काढा खदखदत होता आणि त्यात कुंपणावरच्या हॉप्सच्या वेलाची ताजी, अख्खी फुलं गटांगळ्या खात होती. शेजारी तिचा सासरा लिओनेल उभा होता. हात पाठीमागे, नजर लांब डोंगरावर.

"पॉप, हात दाखवा."

"कशाला?"

"दाखवा म्हणते ना!"

म्हाताऱ्याने उजवा हात पुढे केला. स्वच्छ होता.

"दुसरा."

दुसरा तळवा पिवळा आणि चिकट झाला होता.

डार्लाने कपाळावर हात मारून घेतला. तीन वर्षं जत्रेतल्या बिअर-स्पर्धेच्या परीक्षकांनी तिच्या आयपीएवर, म्हणजे जास्त हॉप्सच्या कडवट बिअरवर, एकच शेरा मारला होता: कडवटपणा जिभेला ओरबाडतो. पहिल्या वर्षानंतर तिने हॉप्स कमी केले. मग मॉल्ट वाढवलं, विहिरीचं पाणी सोडून विकतचं आणलं. मग हॉप्सची जातच बदलली. कारलं तुपात तळा नाहीतर साखरेत घोळा, कडू ते कडूच. पहिल्या नंबरची निळी फीत दरवर्षी शेजारची बर्नाडेट घेऊन जायची आणि वर गोड आवाजात विचारायची, "तुझं मोजमाप तर चुकत नाही ना गं?" यंदा डार्लाने मिनिटामिनिटाचा हिशोब वहीत मांडला होता. जत्रेला चार आठवडे राहिले होते आणि उद्यापासून शेतावर हॉप्सची तोडणी. मग महिनाभर मान वर करायची सोय नाही. हे एवढं एकच पातेलं तिच्या हातात होतं.

"दर वेळी हेच करता तुम्ही?"

"थोडीशीच टाकायचो. आदल्या वर्षीची वाळलेली, चोळून. चुरा व्हायचा, तुला दिसायचा नाही." त्याने पातेल्याकडे रागाने पाहिलं. "आज ताजी होती, तरंगली मेली."

"म्हणजे मी कमी करत होते आणि तुम्ही मागून भर घालत होतात?"

"तू कमी करायला लागलीस, म्हणून तर मला जास्त घालावी लागली."

चोर तो चोर, वर शिरजोर! डार्लाने वाटी टेबलावर आपटली. गोळ्या उडून सिमेंटवर घरंगळल्या.

"तीन वर्षं मी स्वतःला शिव्या घालतेय! पाणी तपासायला पाठवलं मी, पॉप. तुमचा मुलगा म्हणाला, तुझी जीभच बिघडलीय, डॉक्टरला दाखव. आणि तुम्ही? माझ्यासमोर बसून, ग्लासात नाक खुपसून म्हणायचात, 'ठीक आहे, पण वास कमी पडतोय.'"

"पडतच होता."

हे वाक्य तिने तीन वर्षं निमूट ऐकून घेतलं होतं, कारण हे नाक साधं नव्हतं. लिओनेलने चाळीस वर्षं व्यापाऱ्यासाठी हॉप्सची खरेदी केली होती. शेतकऱ्याने मूठभर फुलं समोर ठेवायची, ह्याने ती तळव्यावर चोळायची, एकदाच हुंगायची. मान हलली तर माल घेतला. नाही हलली तर अख्खा ट्रक परत. त्यावर हुज्जत घालायची खोऱ्यात कुणाची छाती नव्हती, मग सुनेची कुठून असणार?

"बर्नाडेट फाटकात उभी राहून म्हणाली होती, इथपर्यंत वास येतोय म्हणून! तुम्हाला कमी कसा पडला?"

"आत्ताही कमीच आहे," म्हातारा हेका सोडायला तयार नव्हता. "आणि तोडणी उद्यापासून कशी असेल? पलीकडच्या शेतात अजून भट्टीसुद्धा पेटलेली नाही."

डार्लाने वळून पलीकडच्या शेताकडे पाहिलं.

पलीकडच्या शेतातली वाळवणीची भट्टी तीन दिवसांपासून पेटलेली होती. सकाळी तिने पावाला लोणी लावलं, तर त्यालाही हॉप्सचा वास येत होता. दोरीवरचे कपडे, उशांचे अभ्रे, गाडीतल्या गाद्या, सगळ्या खोऱ्यात दुसरा वासच नव्हता.

तिने शेगडी बारीक केली.

"कधीपासून, पॉप?"

त्याने खांदे उडवले. डगल्याच्या खिशातून एक फूल काढलं, दोन्ही तळव्यांत चोळलं, पिवळी पूड सुटेपर्यंत. मग डोळे मिटून ओंजळ नाकाशी नेली. एकदा. पुन्हा एकदा. पूर्वी त्याला दुसऱ्यांदा हुंगावं लागत नसे.

ओंजळ त्याने तिच्यापुढे धरली.

"येतोय?"

डार्ला वाकली. वास इतका भपकन आला, की तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने ते पुसलं नाही.

"येतोय."

"कसला?"

"संत्र्याच्या सालीचा."

"आणखी?"

ती पुन्हा वाकली. खोटं सांगावं असं तिला क्षणभर वाटलं, पण ह्या माणसाला हॉप्सबद्दल खोटं सांगणं तिच्याने होईना.

"जरासा लसणाचा."

"लसणाचा?" म्हाताऱ्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, खरेदीच्या टेबलावर पडायच्या तशाच. "म्हणजे वेलावरच जून झाली. मग ही टाकायला नको होती."

त्याने खिसा उलटा केला आणि उरलेली सगळी फुलं तिच्या ओंजळीत रिकामी केली.