पिवळाच पाहिजे

ट्रक जुना, आणि त्याचा तो पिवळा रंग आता कुठल्याच दुकानात मिळेना. अंगणात डब्यात डबा ओतून पेंटर मेटाकुटीला आला. “काकू, पांढरा मारू या. हल्ली सगळे तोच मारतात.”

“सगळ्यांच्या पोरी घर सोडून गेल्यात का?” काकूंनी ट्रकचं दार उघडून आतल्या कोपऱ्यात उरलेला मूळ रंग दाखवला. “हा बघ, हाच पाहिजे. पोर ह्याच ट्रकमध्ये खेळून मोठी झाली. जिथं असेल तिथून लांबूनच ओळखेल आपला ट्रक.”

काकूंचा नवरा बॉनेटवर पॉलिशपेपर घासत राहिला. काकूंच्या जिभेपुढे त्या घरात कुणी तोंड उघडत नसे. एकदा मुलीने उघडलं होतं, तेवढंच.

शेवटी रंग जमला. दोन हात मारून, उन्हात वाळवून ट्रक निघाला, तेव्हा नेहमीसारख्या काकूही नवऱ्याशेजारी जाऊन बसल्या.

परमुलखातल्या एका वळणावर, रस्त्याकडेच्या घरासमोर एक बाई धुणं वाळत घालत होती. काकूंनी तिला पाठमोरीच ओळखलं. तिने वळून पाहिलं. ट्रक अजून बराच लांब होता. हातातलं ओलं लुगडं तिथेच टाकून तिने लेकराला उचललं, घरात शिरली आणि धाडकन दार लावून घेतलं.



नवरा ब्रेक दाबत होता. काकू म्हणाल्या, “थांबू नका. आणि त्या पेंटरला सांगा, पांढराच मार म्हणावं. निदान जवळून तरी बघता येईल.”