चौथा ट्रॅक

"ढोलक झाली, अब्बा. आता अम्मीले घेऊ?"

"थांब, पेटी घे आधी."

शिरीन हसली. क्यासेटीतला एकेक आवाज ती कॉम्प्युटरवर उतरवून घेत होती, आणि सकाळपासून अब्बांचं हेच चाललं होतं. आधी मागे गाणाऱ्या बाया, मग ढोलक, आता पेटी. अम्मी शेवटी. जलालुद्दीनने क्यासेट मागे फिरवली. मशीनचं झाकण उघडून त्याने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि टेप जिथे घासते ते हेड पुसलं. कापूस तपकिरी झाला.

"हे काय निघून राह्यलं?"

"टेपची भुकटी. जुनी झाली ना. दर फेऱ्याले थोडी झडते."

"मंग अम्मीले पहिले काऊन नाई घेतलं?"

जलालुद्दीनने झाकण लावलं. "गोड घास शेवटी खावा, बेटा," तो म्हणाला.

घुग्घुसला त्याचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याने नागपूरहून ही मशीन आणली, तीही जुनीच. एका क्यासेटवर चार आवाज वेगवेगळे बसायचे. बायको अख्तरीची लग्नाची गाणी त्याने या मशीनवर घेतली होती. मग चारही आवाज एकत्र करून साध्या क्यासेटी काढल्या. वणी-राजुऱ्यापर्यंत मांडवामांडवात त्या वाजल्या. अख्तरी गेल्यावर मशीन खोक्यात गेली आणि दुकानात पुन्हा भोंगे आणि माइक एवढंच उरलं.

आता शिरीनचा निकाह ठरला होता. तिला दागिना नको होता, कपडा नको होता. विदाईला अम्मीचा आवाज पाहिजे होता. ढोलक नको, पेटी नको. नुसती अम्मी. ती या मूळ क्यासेटीतच होती, आणि क्यासेट दर फेऱ्याला झडत होती.

पेटी संपली. शिरीनने कॉम्प्युटरवरून ढोलकीचा तुकडा उगाच पुन्हा लावला. "हा ढोलकवाला किती पळून राह्यला, अब्बा!"

"पत्रू. बिडी विझायच्या आत गाणं संपवाची घाई राहे त्याले. तुझी अम्मी त्याले म्हणे, पत्रूभाऊ, नवरीले रडू तं द्या."

दोघंही हसले. मग शिरीनने विचारलं, "अम्मी तवा बरी होती ना?"

"एकदम ठणठणीत. रोजे ठेवले तिनं, ईदले शिरखुर्मा केला, अन् बकरीदले नव्हती. त्याच्या आधी कधी खोकलीसुद्धा नाई."

शिरीनला हे पाठ होतं. नात्यात, शेजारात, होणाऱ्या सासरी, सगळ्यांना त्याने हेच सांगितलं होतं. नागपूरचा डॉक्टर म्हणाला होता, फार उशिरा आणलं. जलालुद्दीन त्याच्या अंगावर धावून गेला होता. आजच दुखलं तर काल कसं आणू, असं त्याने दवाखाना दणाणून विचारलं होतं.

"लाव," तो म्हणाला. "चौथा."

अख्तरी गायला लागली. आवाज इतका जवळून आला की जलालुद्दीनने खुर्ची मागे सरकवली. पहिली ओळ संपली. जिथे ढोलक वाजायची तिथे आता काहीच नव्हतं. त्या रिकाम्या जागेत ती खोकली. माइकपासून तोंड फिरवून, ओढणीत तोंड दाबून. मग पुढची ओळ गायली. पुन्हा खोकली. यावेळी जास्त वेळ.

शिरीनने गाणं थांबवलं. "अम्मी खोकलत होती?"

"थंडीचे दिवस असतीन."

"कूलर बंद करून गायली ना ती? आवाज येते म्हणून. तुमीच सांगितलं होतं."

तिने क्यासेट पुढे पळवली, दुसरं गाणं लावलं. तिथेही खोकला. तिसऱ्यात धाप होती. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजत होती.

"आपल्या घरच्या क्यासेटीत तं हे नाई, अब्बा. मी लहानपणापासून ऐकून राह्यली."

"ढोलकीखाली दबलं असंल. अन् सारे आवाज एकत्र करताना फेडर राहते, एकेका आवाजाची सरकती खुंटी. ज्याचं काम नाई त्याची बोटानं आपल्याकडे खाली ओढाची, काम आलं की वर. असंच राहते ते. एकेक गाणं कितीदा वाजवा लागे, तवा जमे."

"कोण ओढे?"

"मीच. दुसरं कोण होतं?" त्याचा आवाज चढला. "कामात ध्यान राहते, बेटा. कोण खोकललं, कोण शिंकलं, हे कोण ऐकते? मले मालूम असतं तं मी तिले घरात ठेवलं असतं?"

शिरीनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी कुठी काय म्हटलं? चला, एकदा पूर्ण घेऊन टाकू. टेप झडून राह्यली."

आवाज बंद ठेवून तिने चौथा ट्रॅक कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, मग तिथूनच पहिलं गाणं सुरुवातीपासून लावलं. जलालुद्दीनने डोळे मिटले. हात टेबलावर टेकवले. अख्तरी गात होती. ओळ संपत होती, ती खोकत होती, पुन्हा गात होती. या वेळी त्याला त्रास झाला नाही. तीच खोली, तोच बंद कूलर, समोर ती. सगळं जागच्या जागी होतं. एवढं शांत त्याला ती गेल्यापासून वाटलं नव्हतं.

गाणं मध्येच थांबलं.

त्याने डोळे उघडले. शिरीन कॉम्प्युटरकडे पाहत नव्हती. ती त्याच्या उजव्या हाताकडे पाहत होती. त्याचं बोट टेबलावरून घसरत कडेपर्यंत, स्वतःकडे ओढलं गेलं होतं.

"मले तं पडद्यावर पुढच्या आवाजाची रेघ दिसते, म्हणून समजते आता खोकला येईन," ती हळूच म्हणाली. "तुमचे डोळे मिटले होते, अब्बा. अन् दर खोकल्याच्या आधी तुमचं बोट खाली गेलं."