शनिवारचे रोलर

सान्तियागोत नुरिसच्या पार्लरचं नाव होतं. तिच्या हाताखालून गेलेली बट आठवडाभर सरळ राहायची. तिची लेक यानेल याच खुर्चीत लहानाची मोठी झाली. दर शनिवारी केस धुतले की लगेच ते ताणून सरळ करायला मोठे रोलर आणि लगेच ड्रायर. आज न्यूयॉर्कहून आलेल्या यानेलने आपल्या चिमुरडीला त्या खुर्चीत बसवलं होतं. नातीचे केस धुऊन होताच नुरिसने सवयीने रोलरची टोपली ओढली.

“ते राहू दे, आई. थोडं क्रीम लाव, बोटांनी गुंता सोडव आणि मोकळे सोड.”

“मोकळे? अगं, कुरळे, वाईट केस आहेत पोरीचे! उद्या चर्चमध्ये बायका मला नावं ठेवतील.”

“ठेवू देत.”

नुरिस तोंड वाकडं करून बाजूला झाली. पोर दारातल्या वाऱ्यावर पाय हलवत आंबा चोखत बसली. केस वाळत गेले तशी एकेक बट आपसूक वळली, दाट, चमकदार. नुरिसने न राहवून एक बट ओढून सोडली. ती टुणकन जागेवर गेली. पोर खिदळली, तशी नुरिसही हसली.

“बापावर गेलीय हो,” ती म्हणाली. “तुझे कुठे होते बाई असे सुंदर!”

यानेल लेकीच्या हनुवटीवरचा रस पुसत होती.

“असेच होते, आई. तू ते कधी आपोआप वाळूच दिले नाहीस.”