तुलनेचा नमुना

"सुमंत, हे बघा. रोज वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्या पेशंटच्या लघवीतलं, किडनी बिघडली की वाढणारं ते एन्झाइम निरोगी माणसाइतकंच आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे किडन्या शाबूत. रिपोर्टात तसंच लिहिते."

तुलनेला लागणारी निरोगी माणसाची लघवी दर सोमवारी सुमंत स्वतःचीच द्यायचा. साधी शुगरसुद्धा नव्हती त्याला. लॅबमध्ये उभं राहून राहून गुडघा तेवढा दुखायचा.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं वही मागं उलटली. जानेवारीतला स्वतःचा आकडा सापडला. आजचा त्याच्या तिप्पट होता. पुन्हा पाहिलं, तरी तिप्पटच.

मॅडमचं पेन कागदावर टेकलं होतं. सुमंतनं एप्रनच्या खिशातून त्याच गोळ्यांचं अर्धं संपलेलं पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"मॅडम," तो म्हणाला, "निरोगी माणूस दुसरा बघावा लागेल."