बेमालूम

काशीराम दहिसरच्या लॅबमध्ये दातांच्या कॅप बनवायचा. तिथे पेशंटचं नाव कधी येत नाही, नुसता नंबर आणि दाताचा रंग येतो. आज मात्र मुलुंडच्या डॉक्टरांनी फोटोही पाठवला होता. सोबत लिहिलं होतं: पेशंट बाथरूममध्ये घसरून पडली, पुढचा दात तुटला, तेव्हा रंग शेजारच्या दाताशी हुबेहूब जुळला पाहिजे.

त्याने फोटो मोठा केला आणि हातातला ब्रश खाली ठेवला. सुळ्यावरचा तो पांढरा ठिपका तो मानसीच्या लहानपणापासून बघत आला होता.

त्याने लगेच लेकीला फोन लावला. "मानसी, सासरी बरी आहेस ना गं?"

"मस्त आहे बाबा. तुमचे जावई आलेत, ठेवते."

तो पुन्हा फोटो बघत बसला. ज्याच्याशी रंग जुळवायचा, त्या शेजारच्या दातावर केसाएवढी तिरकी रेघ होती. नेमकी तशीच रेघ काशीराम आपल्या प्रत्येक कॅपवर ओढायचा, दात खरा वाटावा म्हणून.

दिवाळीत मानसी त्याच्यासमोर बसून चकली खात खळखळून हसली होती, तेव्हा त्यालाही तो दात खराच वाटला होता.